जावजी दादाजी आणि त्यांचे घराणे

आपल्याकडे ताम्रपटांचे वाचन करणारे पंडित दानकर्त्या राजाची वंशावळ, दान घेणाऱ्या ब्राह्मणाचे गोत्र आणि दिलेल्या गावाच्या चतुःसीमा ह्यांचा मोठ्या कसोशीने खल करितात. पत्र्याच्या अगदी शेवटी, शापवचनांच्याही नंतर, कित्येकदा एक लहानशी ओळ असते : हे शासन अमक्याने कोरिले. ती ओळ वाचून होते, तिचे भाषांतरही होते. पण तिच्यावर टीप लिहावी असे क्वचितच कोणास वाटते. राजे गेले, गावांची नावे पालटली, आणि जे आजवर टिकले ते त्या शेवटच्या ओळीतील मनुष्याच्या हातचे काम होय.

धातूवर अक्षर उठविणाऱ्या अशाच एका कारागिराची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्याचे नाव जावजी दादाजी चौधरी. निर्णयसागर छापखान्याचे मालक म्हणून हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास तर ते ठाऊकच असते. परंतु ‘मालक’ ह्या शब्दाने त्यांची खरी ओळख झाकून जाते. जावजी प्रथम धातुकार होते. मुद्रक ते त्यातून झाले आणि प्रकाशक त्याहून मागाहून.

इतर देशांत अशा माणसांची आठवण कशी ठेवितात ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरी पॉल रिव्हिअर नावाचा एक रुपेकार होऊन गेला (१७३५–१८१८). १७७५ च्या एप्रिलात रात्री घोड्यावरून दौडत जाऊन इंग्रजी फौज येत असल्याची वर्दी त्याने दिली, म्हणून तिकडील पोरासोरांच्या तोंडी त्याचे नाव आहे. पण जाणत्या लोकांनी त्या एका रात्रीवर समाधान मानिले नाही. त्याचा बाप अपोलॉस रिव्ह्वार हा धर्मच्छळामुळे फ्रान्स सोडून आलेला पोरगा. सोनारकाम शिकून त्याने नाव इंग्रजी वळणाचे करून घेतले. मुलाने बापाचे दुकान चालविले, चांदीची भांडी घडविली, तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरिली, पुढे घंटा ओतल्या आणि १८०१ साली तांबे लाटण्याचा कारखाना काढिला. दोन बायकांपासून त्याला सोळा मुले झाली आणि त्यांतील जोसेफ वॉरेन ह्याने तो कारखाना पुढे नेला. हे सारे तिकडे बारकाईने लिहून ठेविलेले आहे, आणि त्याचा शिक्का असलेला साधा चमचाही संग्रहालयात जपून ठेवितात. आपल्याकडे बिदरचा कारागीर जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची वेल बसवितो, किल्ल्यातील जुनी माती लावून त्याला काळा रंग आणितो, आणि ते भांडे निजामशाही उमरावाच्या दिवाणखान्यात जाते. त्या भांड्यावर उमरावाचे नाव कधी सापडते, घडविणाऱ्याचे क्वचितच.

बोस्टनचे नाव येथे केवळ तुलनेसाठी काढिलेले नाही. बोस्टन येथील ज्या मिशनरी संस्थेने गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्यांना हिंदुस्थानात धाडिले, ते १८१३ साली मुंबईस उतरले. मागून होरेशो बार्डवेल हा छपाई जाणणारा मिशनरी आला आणि १८१७ साली, म्हणजे पॉल रिव्हिअर अजून हयात असताना, अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यातून मराठी छापील पाने बाहेर पडू लागली. ह्याच छापखान्यात पुढे बत्तीस वर्षांनी दहा वर्षांचा एक मुलगा दरमहा दोन रुपयांवर कामास लागला. तोच जावजी.

परंतु त्या मुलाच्या कामाची किंमत कळावयाची तर थोडे मागे गेले पाहिजे. छापण्याचे यंत्र परदेशाहून आणविणे ही पैशाची गोष्ट आहे. खरी अडचण अक्षरांची. सतराव्या शतकात सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख ह्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली. आपले धर्मग्रंथ देशी लिपीत छापावे ही त्याची हौस. कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठविला, तो १६७४ साली मुंबईस पोहोचला. पण त्याला छापता येत होते, देशी अक्षरांचे खिळे करता येत नव्हते, आणि तेवढ्यासाठी भीमजीचा बेत फसला. पुढे सव्वाशे वर्षांनी पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत पुण्याच्या एका तांबटाने निराळी वाट काढिली. सुटे खिळे न करिता गीतेची पानेच्या पाने त्याने तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरिली, आणि मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने ती १८०५ साली छापली गेली. काम देखणे, पण एका पुस्तकापुरते. दुसरा ग्रंथ काढावयाचा तर पुन्हा पहिल्यापासून पत्रे कोरावयाचे. इतिहासग्रंथांतून हा मनुष्य बहुधा ‘एक तांबट’ म्हणूनच वावरतो.

सुट्या खिळ्यांची विद्या बंगालात आधी रुजली. चार्ल्स विल्किन्स ह्या इंग्रजाने १७७८ साली हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी जे खिळे पाडिले, त्यांत पंचानन कर्मकार हा लोहार त्याचा उजवा हात होता. पुढे कॅरीसाहेबांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यात पंचाननने देवनागरी अक्षरे केली. त्याच्या मागे त्याचा जावई मनोहर आणि नंतर मनोहराचा मुलगा कृष्णचंद्र ह्यांनी तो धंदा चालविला. कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली श्रीरामपुरास छापला गेला. त्या कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत. म्हणजे मराठी भाषेला हे छापील रूप मिळाले ते बंगाली लोहाराच्या घराण्याकडून, आणि मराठी मुलखापासून कित्येकशे कोस दूर.

मुंबईत ही विद्या दोन ठिकाणी वाढली. एक अमेरिकन मिशनचा छापखाना. तेथे टॉमस ग्रॅहम हा अक्षरे कोरण्यात अत्यंत निष्णात असा कारागीर होता. दुसरे ठिकाण गणपत कृष्णाजींचे. ह्या गृहस्थांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापिले आणि पुढे स्वतःच्या हिंमतीने खिळेही तयार केले. छापील कागदास शिवावे की नाही ह्याविषयी जुन्या लोकांच्या मनात किंतू होता. शाईत चरबी असते हे त्याचे कारण. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून हा किंतू फेडिला. आज ही गोष्ट वाचून हसू येते; पण पोथीला हात लावण्यापूर्वी स्नान करणाऱ्या समाजास छापील पोथी घरात घ्यावयास लावणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि जावजींच्या पुढील यशाचा पाया ह्या तुपाच्या शाईत आहे असे मला वाटते.

आता त्या दोन रुपयांच्या कामाकडे वळू. जावजींचा जन्म मुंबईस १८३९ साली गरीब कुटुंबात झाला. दहाव्या वर्षी जो मुलगा पोटासाठी छापखान्यात जातो त्याचे शाळेतील शिक्षण कितपत झाले असेल हे वेगळे सांगावयास नको. त्याला काम मिळाले खिळे घासण्याचे. खिळा कसा होतो हे ज्यांनी पाहिले नाही त्यांस ह्या शब्दावरून काहीच बोध व्हावयाचा नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. छपाईच्या आजच्या पद्धतीत तर हे सारे नाहीसेच झाले आहे.

प्रथम मऊ पोलादाची एक बोटभर कांडी घेऊन तिच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावदार कोरावयाचे. भोवतालचे पोलाद कानशीने व छिनीने काढीत जावयाचे. अक्षराच्या पोटातील पोकळी तेवढी खोल हवी, रेघ तेवढी जाड हवी. अधूनमधून ते टोक दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर उठवावयाचे आणि वळण कसे आले आहे ते पाहावयाचे. मनासारखे झाले म्हणजे कांडी तापवून तिला पाणी द्यावयाचे, की पोलाद कठीण होते. पाणी कमी पडले तर ती दबते, जास्त झाले तर ठोकताना तडकते आणि कित्येक दिवसांची मेहनत एका घावात जाते. ही कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकिली म्हणजे त्यात अक्षराचा खळगा उमटतो. त्या तुकड्यास मातृका म्हणतात, आणि हे नाव ज्याने दिले त्याची रसिकता मानिली पाहिजे. मातृका हातसाच्यात बसवून त्यात शिसे, कथील आणि अँटिमनी ह्यांचा रस पळीने ओतावयाचा. नुसते शिसे थंड होताना आकसते आणि मऊही राहते. अँटिमनी घातल्याने खिळा कठीण होतो आणि अक्षराची कड स्वच्छ येते. साचा उघडला की खिळा बाहेर पडतो, पण त्याच्या बुडाशी ओतीव धातूची शेपटी असते आणि अंगावर कंगोरे असतात. शेपटी मोडावयाची, आणि चारी बाजू सपाट दगडावर घासावयाच्या. घासणे कमी झाले तर खिळा ओळीत बसत नाही, जास्त झाले तर डळमळतो. हजारो खिळे शेजारी शेजारी उभे राहून एक पान व्हावयाचे असते. केसभर फरक पडला तरी ओळ वाकडी होते.

हे घासण्याचे काम धंद्यातील सर्वांत हलके, म्हणून पोरांकडे असे. पण दिवसभर बोटांच्या चिमटीत खिळे धरून ज्याने वर्षानुवर्षे घासले, त्याच्या बोटांना पुढे न पाहताच बरा-वाईट खिळा कळू लागला असला तर नवल नाही. जावजींची शाळा ही. ग्रॅहमसारखा गुरू समोर होता. पाहून, विचारून आणि हाताने करून ते ओतकाम शिकले. पुढे टाइम्स ऑफ इंडिया आणि इंदुप्रकाश ह्यांच्या छापखान्यांतही त्यांनी नोकरी केली, आणि १८६४ साली, पंचविसाव्या वर्षी, स्वतःची खिळे पाडण्याची ओतशाळा काढिली.

हे साल ध्यानात घ्यावे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला होता, आणि त्यामुळे मुंबईत सोन्याचा पाऊस पडत होता. रोज नवी कंपनी निघे, कागदी भागांची किंमत दुपारी एक तर संध्याकाळी दुसरी. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या धामधुमीत ज्याने आपली पुंजी भट्टीत, मातृकांत आणि पोलादाच्या कांड्यांत घातली, तो मनुष्य लाट ओसरल्यावरही उभा राहिला. ह्यात दूरदृष्टी किती आणि हाती असलेले काम सोडून दुसरे काही न सुचणे किती, हे सांगता येणार नाही. पण कारागिराचा स्वभाव बहुधा असाच असतो.

ह्या ओतशाळेतील दुसरे नाव राणूजी रावजी आरू ह्यांचे. जावजींचे हे स्नेही अक्षरे कोरण्यात असामान्य होते. निर्णयसागरचे वळण म्हणून जे पुढे नावाजले गेले, ते पोलादावर उतरले प्रामुख्याने राणूजींच्या हाताने. ओतकाम, व्यवहार आणि माणसांची पारख जावजींची. कानस व छिनी राणूजींची. जावजींचे नाव मुखपृष्ठावर आले, राणूजींचे नाव धंद्यातील लोकांच्या तोंडी राहिले. दोघांच्या कीर्तीतील हे अंतर मला तरी न्याय्य वाटत नाही. मात्र दोघांत त्यावरून कधी वितुष्ट आल्याचे ऐकिवात नाही.

देवनागरी अक्षर कोरणे हे रोमन अक्षर कोरण्याहून किती अवघड आहे ह्याची कल्पना आपणांस, रोज ती लिपी वाचीत असूनही, नसते. इंग्रजीत सव्वीस अक्षरे, लहान व मोठी मिळून बावन्न. ती एकापुढे एक मांडिली की झाले. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. पायाशी उकार आणि ऋकार. आणि मध्ये जोडाक्षरे. द्ध, ह्म, क्त, श्च, ष्ट्य ही प्रत्येक वेगळी कोरावयाची. एका आकाराच्या अक्षरांसाठी कित्येकशे कांड्या लागत, आणि त्या सर्वांवर शिरोरेघ अशी बेताने यावयास हवी, की खिळे शेजारी बसल्यावर ती सलग दिसावी. बेंजामिन फ्रँकलिन फिलाडेल्फियास तरुणपणी काम करीत असता खिळे कमी पडले म्हणून त्याने साचा रचून शिशाच्या मातृकांत स्वतःच ते ओतिले, अशी गोष्ट त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि तिचे मोठे कौतुक होते. ते कौतुक खरेच आहे. पण त्याने जुन्या खिळ्यांवरूनच मातृका उठविल्या. नवे अक्षर कोरण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता, आणि त्यातही जोडाक्षराशी गाठ पडावयाची नव्हती!

ह्या कोरीवकामाचा परिणाम केवळ सुबकपणापुरता राहिला नाही. अ, झ, ण, ल, श ह्या अक्षरांची त्या काळी दोन वळणे प्रचलित होती : एक मुंबईचे, दुसरे कलकत्त्याकडचे. निर्णयसागरचे खिळे आणि त्या खिळ्यांत छापलेले ग्रंथ काशीपासून दक्षिणेपर्यंत जेथे जेथे गेले, तेथे तेथे मुंबईचे वळण लोकांच्या डोळ्यांत बसले. हिंदीनेही पुढे प्रमाण म्हणून अ, झ, ण ही मुंबईचीच रूपे स्वीकारिली. कोणत्याही परिषदेच्या ठरावाने एवढा विस्तार झाला नसता.

१८६९ साली जावजींनी छापखाना काढिला आणि त्यातून त्याच नावाचे पंचांग बाहेर पडले. गणपत कृष्णाजींनी मोकळ्या केलेल्या वाटेनेच ते घराघरांत शिरले. काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतील हा छापखाना पाहता पाहता विद्वानांचे आश्रयस्थान झाला. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक येथे छापले जाऊ लागले, वामन दाजी ओकांच्या संपादनाने जुन्या मराठी कवींची कविता ‘काव्यसंग्रहा’तून निघू लागली, आणि १८८६ साली जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘काव्यमाला’ सुरू झाली. तोवर हस्तलिखितांच्या गाठोड्यांत पडून असलेली किती काव्ये, नाटके आणि अलंकारग्रंथ ह्या मालेने उजेडात आणिली, त्याची नुसती यादी करावयाची तर ह्या लेखाची सारी पाने पुरणार नाहीत. राजशेखराची ‘कर्पूरमंजरी’ काव्यमालेत १८८७ साली निघाली. पुढे स्टेन कोनो व लॅनमन ह्यांनी तिची आवृत्ती अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मालेत १९०१ साली काढिली, तेव्हा मुंबईची ही आवृत्ती त्यांच्यापुढे होती. अमेरिकन छापखान्यात खिळे घासणाऱ्या मुलाच्या घरचे पुस्तक अशा रीतीने अमेरिकेच्या पंडितांच्या मेजावर गेले.

जावजींना संस्कृत येत नव्हते, मग ह्या विद्येचे श्रेय त्यांना कशाला, असा आक्षेप घेता येईल. संपादक विद्वान होते, मालकाने पैसा घातला, इतकेच. ह्या आक्षेपास उत्तर ते ग्रंथच देतात. निर्णयसागरच्या ग्रंथात वर मूळ, खाली बारीक अक्षरांत टीका आणि त्याहीखाली पाठभेद, अशी तीन मजली रचना एका पानात असते, आणि तरी डोळा कोठे अडखळत नाही. टीकेसाठी लहान पण ठसठशीत अक्षर, मूळ श्लोकासाठी मोठे, जोडाक्षर न तोडता अखंड : ही सोय ज्याच्या घरी स्वतःची ओतशाळा आहे त्यालाच साधते. एखादे संयुक्त अक्षर नसले तर दुसरा मुद्रक संपादकास म्हणे, हलंत देऊन भागवा. जावजींकडे ते कोरून घेण्याची सोय होती. आणि शुद्धतेविषयी ह्या छापखान्याचा लौकिक असा, की पाठ कोणता खरा ह्याविषयी दोघा शास्त्र्यांत वाद पडला म्हणजे निर्णयसागरची प्रत आणवीत.

मराठवाड्यातही हे दिसून येई. नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यापाशी दुभंगतो. एक फाटा कळमनुरीवरून हिंगोलीस जातो, दुसरा हदगाव-उमरखेडाच्या अंगाने वऱ्हाडाकडे. जवळच संत नामदेवांची नरसी. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दरबारची भाषा उर्दू, आणि मराठी-संस्कृत ग्रंथांचा आधार बहुतांशी मुंबई-पुण्याचा. ह्या भागातील जुन्या घरी लाल कापडात बांधलेले पोथ्यांचे दप्तर सोडिले तर हस्तलिखितांच्या शेजारी निर्णयसागरचा एखादा अमरकोश किंवा स्तोत्रसंग्रह सापडावा ह्यात आश्चर्य काही नाही. हस्तलिखिताला घरात जो मान, तोच त्यालाही मिळे. त्याच कापडात तोही बांधला जाई.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचा अंत झाला. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. त्याच वर्षी पंडित दुर्गाप्रसादही गेले. अशा वेळी बहुतेक धंद्यांची जी गत होते ती येथे झाली नाही, ह्याचे कारण त्यांचे घराणे.

ह्या घराण्याचा इतिहास लिहावयास दप्तर धुंडाळण्याची फारशी गरज नाही; तो ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरच छापलेला आहे. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी मांडाव्या आणि तळाची ओळ वाचीत जावे. पहिल्या आवृत्तीवर ‘जावजी दादाजी’. १८९२ नंतर, आणि पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, ‘तुकाराम जावजी’; हे त्यांचे चिरंजीव. बापाने जमविलेले संपादकांचे मंडळ त्यांनी फुटू दिले नाही. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांसारखे पंडित त्यांच्या काळात काम करीत राहिले. त्यानंतरच्या आवृत्त्यांवर ‘पांडुरंग जावजी’. दादाजींचा मुलगा म्हणून जो ‘जावजी दादाजी’ होता, त्याचे पाळण्यातले नाव आता घराण्याचे नाव झाले. ‘चौधरी’ हे आडनाव मुखपृष्ठावर जवळजवळ दिसतच नाही. रिव्ह्वारचा रिव्हिअर झाला तो परक्या देशात गिऱ्हाइकाच्या जिभेला सोपे जावे म्हणून. येथे मात्र एका कारागिराचे काम इतके नावाजले गेले की त्याच्या नावाने आडनावाची जागा घेतली.

आणि १९४० नंतरच्या ग्रंथांवर ही ओळ पुन्हा बदलते : ‘सत्यभामाबाई पांडुरंग’. पांडुरंगांच्या नावाशी आपले नाव जोडून घराण्यातील एक स्त्री मालक म्हणून पुढे आली. त्या काळी संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठावर वर कालिदास किंवा बाणभट्ट, मध्ये टीकाकार व शोधणारे शास्त्री, आणि तळाशी प्रकाशक म्हणून एका मराठी बाईचे नाव, हे दृश्य दुसरीकडे फारसे आढळावयाचे नाही. ज्या ग्रंथांपैकी कित्येक शिकण्याचा अधिकार बायकांना आहे की नाही ह्यावर शास्त्री लोक एके काळी वाद घालीत, ते ग्रंथ तिच्या नावाने निघत होते. नारायण राम आचार्य काव्यतीर्थ हे त्या काळचे संपादक. ‘सुभाषितरत्नभाण्डागार’ ह्या परबांच्या जुन्या संग्रहाची त्यांनी सुधारून वाढविलेली आवृत्ती १९५२ साली ह्याच छापखान्यातून बाहेर पडली. ती आजही संस्कृतच्या अभ्यासकांच्या हाती असते. तिच्यातील बारीक अक्षर भिंगाखाली धरून पाहावे. खिळा कागदावर दाबला गेल्याची किंचित खोल खूण बोटाला लागते, शिरोरेघ सलग आहे, आणि द्ध मधील ध चा कान, पोलादावर कोणी तो कोरिला असेल तसाच, न मोडता उमटलेला आहे.